ओळखून चौदा, मोजून पंधरा

१८ जून २००१, सोमवार

झालं! बाई झाले मी एकदाची. रांजणगावच्या कंपनीत सात वर्षं खोक्यात बिस्किटाचे पुडे भरले — चोवीस झाले की चिकटपट्टी, चोवीस झाले की चिकटपट्टी. आजपासून पोरं! न्हावऱ्याच्या पुढची धनगरवस्ती, बिरोबाच्या देवळापुढचं पत्र्याचं शेड, हीच आमची वस्तीशाळा. फळा आहे, खडू आहेत, दार नाही.

निघताना आमचे हे म्हणाले, "पर्मनंट व्हायच्या टायमाला कंपनी सोडली, आन् आता मेंढरं राखायची व्हय?" म्हटलं, राखीन!

पण केंद्रप्रमुख साहेबांनी बजावलंय — पंधरा पोरं भरली तर शाळा, नाहीतर महिन्याभरात बंद. हजेरीत नावं चौदा. कंपनी काही आता परत उभं करणार नाही. एका पोरापायी मी घरी बसायची म्हणजे!

२० जून

आज पोरं मोजली. पंधरा. चुकले असेन म्हणून परत मोजली. पंधराच! सात वर्षांत माझं एक खोकं कमी-जास्त निघालं नाही, आणि इथं पोरं मोजता येईनात. हजेरी घेतली तर चौदा आवाज. एकेकाचं तोंड बघत नाव घेतलं तर चौदा. बोट फिरवलं की पंधरा.

२५ जून

बोट फिरवताना भैरूआबांनी बघितलं. वस्तीतले सगळ्यात थोरले. काठी टेकत शेडपाशी आले.

"बाई, आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. वळखत्यात."

"का हो आबा?"

"मोजाया लागलं की जे न्हाई ते बी येऊन हुबं ऱ्हातं."

मी हसले. म्हटलं, आबा, सरकारला ओळख नको, आकडा लागतो. ते हसले नाहीत.

२८ जून

चौदा पेन्सिली नेल्या होत्या. वाटल्या, हात रिकामा झाला. पोरांकडे पाठ करून फळ्यावर तारीख लिहितेय तर मागून — "बाई, मला?"

वळले. चौदा पोरं, चौदा पेन्सिली. सगळ्या माना खाली, सगळे गिरवतायत.

"कोण बोललं गं?"

हनुमंतभाऊंची प्रगती पुढंच बसते. भारी चुरचुरीत पोर, जिभेला हाड नाही. मान वर न करता म्हणाली, "नकुशी बोलली." आणि परत गिरवायला लागली! या नावाची पोर नाहीच माझ्या शाळेत.

सायकल कशी हाणली नि घरी कशी आले, माझं मला ठाऊक.

२९ जून

भैरूआबांना खोदून विचारलं. नकुशी ही वस्तीतल्याच अनसाबाईंची पोरगी. गेल्या साली न्हावऱ्याच्या शाळेला जाताना पाटाच्या पाण्यात वाहून गेली. तिच्यानंतरच वस्तीनं इथं शाळा मागितली. हे मला आधी सांगायला काय झालं होतं? उद्यापासून जायचं नाही. खड्ड्यात गेली शाळा!

२ जुलै

गेले. घरी बसून ह्यांचे टोमणे कोण ऐकणार? आणि इथं कोण वाचतंय, खरं लिहिते — पंधरा भरतायत की!

९ जुलै, सोमवार

निरोप आला. शुक्रवारी साहेब येणार, स्वतः डोकी मोजणार. डोकी पंधरा नि नावं चौदा चालायचं नाही. शेवटी अनसाबाईंकडे गेले, नकुशीचं नाव लिहू का म्हणून विचारायला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी विचारलं.

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"लिवा. शाळंसाठीच गेली ती." तव्यावरची भाकरी उलटली. "पन नाव घेताना दमानं घ्या, बाई. हाक ऐकली की पळत सुटायची."

पंधरावं नाव लिहिलं. नकुशी. अक्षर बरं नाही आलं.

१० जुलै

दमानं घेतलं. "हजर" आलं. पोरांपैकी एकाचंही तोंड हललं नव्हतं. मी खूण केली आणि पुढं धडा सुरू केला. भीती वाटली. तेवढंच बरंही वाटलं, काय करू?

१२ जुलै, गुरुवार

प्रगतीला पान लागलं! सकाळी वैरण काढताना. साप चावला म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं. हनुमंतभाऊंनी मोटारसायकलवर मधे धरून दौंडच्या दवाखान्यात नेलंय. पाय हा एवढा सुजलेला. बिरोबा, पोरीला राख रे बाबा!

आणि मी कसली बाई! नवस बोलून हात खाली येतायत तोवर मनात हिशेब — उद्या तेरा, नकुशी धरून चौदा. शाळा बुडाली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. रात्रभर तेच. पोरगी आठवते आणि मागून आकडा येतो.

१३ जुलै, शुक्रवार

साहेब आले. दौंडहून अजून काही निरोप नव्हता. साहेबांनी बोट फिरवत मोजलं, परत एकदा मोजलं. "पंधरा! भरली बाई तुमची शाळा." शेरा लिहून गेलेसुद्धा.

मी एकेक तोंड ओळखून घेतलं. तेरा. नकुशी धरून चौदा.

शेडबाहेर प्रगतीची आई रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. म्हणाली, "बाई, पोरीचं काय कळलं का वो?"

मी नाही म्हटलं.