बांध टिकला

मुलुंड,
१९ ऑगस्ट १९८४

प्रिय प्रेमा,

गावचा मातीचा बांध झिरपतोय हे आधी तुला दिसलं. हाका मारून तू माणसं जमवलीस, मातीची पोती लावून घेतलीस आणि चाळीस घरं वाचवलीस. तुझे भावोजी अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलेत, "आमची मेव्हणी म्हणजे वाघीण!" माझ्याबद्दल ते असं कधीच बोलले नाहीत गं.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, फुटायलाच हवा होता तो बांध. मग आठवलं, बांधाखालच्या पहिल्याच घरात आई अंथरुणाला खिळलीय. तिला पाठीवर घेऊन कोण धावलं असतं? तूच. मला त्याचाही हेवा वाटला.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. दुसरं लिहीन, त्यात नुसतं 'शाबास' असेल.

तुझीच ताई,
वनमाला