दात मोजून काढलेलं कार्ड

आई, तुझी जुनी कंप्युटरची मशीन सकाळपासून माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि मी तिच्याभोवती येरझारा घालते आहे. पंधरा मिनिटं चालते, मग आतली डिस्क कण्हायला लागते आणि बंद पडते. तासभर थंड होऊ दिली की पुन्हा पंधरा मिनिटं. तू काढलेल्या साड्यांच्या सगळ्या किनारी तिच्यात आहेत आणि ती अजून किती वेळा उठेल याचा काही भरवसा नाही. मधल्या वेळात हाताला काम नाही म्हणून हे लिहिते आहे. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा कपातच गार झाला.

उमरेडचं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं तेव्हा ती कोठीत जुन्या चादरीखाली सापडली. फ्लॉपीचं तोंड गंजून गेलं आहे. डिस्क काढून आजच्या कंप्युटरला लावून पाहिली, त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही. मागच्या जाड केबलीतून काढायचं म्हटलं तर एवढं हळू येतं की दोन किनारी येईपर्यंत डिस्कचा दम संपतो. मग एकच रस्ता उरला. तिच्या पोटात जी लांब काळी खाच आहे, तिच्यात तिच्याच काळातलं नेटवर्कचं कार्ड बसवायचं आणि तिला माझ्या घरच्या जलद नेटवर्कला जोडायचं. नवीन कार्ड त्या खाचेत जातच नाही. म्हणजे वेग हवा तर जुनं कार्ड शोधा, असा सगळा उलटा कारभार. आयुष्यभर कंप्युटरची नोकरी केलेली मी, आणि एका कार्डासाठी तीन आठवडे नागपूरभर भटकले.

तू विणकर सोसायटीच्या ऑफिसात चौकटीच्या कागदावर किनारी काढायचीस. मग ही मशीन आली आणि सातवी शिकलेली तू पडद्यावर एकेक चौकट भरायला शिकलीस. अजून आठवतं, मी सुट्टीत तुझा डबा घेऊन आले आहे. पडद्यावर रुईफुलांची किनार आहे, मी कौतुकानं तिला बोट लावते. ‘हात काढ वं,’ तू म्हणतेस, ‘धाग्याले घाम लागते.’ काचेवर कुठला आला धागा? पण मी हात काढते, आणि आजही पडदा पुसताना मला तेच ऐकू येतं.

पुढे सोसायटीनं नवी मशीन घेतली. मी तेव्हा नागपुरात कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये नुकतीच लागले होते. तू फोन केलास. ‘माह्यावाली मशीन नव्या मशिनीले जोडून दे. एक कार्ड लागते म्हणून राहिले सारे.’ मी म्हटलं, ‘ते कार्ड आता मिळत नाही आई.’ ‘काहून? बनवणं बंद झालं काय?’ ‘हो.’ ‘मंग माह्या किनारी?’ मी म्हटलं, बघू. वेळ मारून नेणं मला फार छान जमतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. नव्या मशिनीत बाहेरून आणलेली डिझाइनं भरली गेली, आणि तुला सांगण्यात आलं की बाई, आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल. निरोप म्हणून जुनी मशीन दिली. तू ती कोठीत झाकून ठेवलीस आणि दोन वर्षांत गेलीस. मी मात्र भेटेल त्याच्यापुढे सोसायटीच्या नावानं बोटं मोडत राहिले. वड्याचं तेल वांग्यावर.

कार्ड शेवटी नागपूरच्या महाल भागात मिळालं, गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे. सत्तरीचा माणूस, खोक्यात हात घालून त्यानं ते काढलं आणि हसायला लागला. ‘ताई, या कार्डाची एक गोष्ट आहे. लय वर्षांआधी उमरेडची एक बाई आली होती. चौकटीच्या कागदावर मशिनीची खाच काढून आणली, एकेक दात मोजून. पण पूरी उलटी. डाव्या बाजूचं उजवीकडे. मी म्हटलं, असं कार्ड दुनियेत नसते बाई. बिचारी सकाळपासून उन्हात दुकानं फिरून राहिली होती.’ ही गोष्ट तो इतकी वर्षं गंमत म्हणून गिऱ्हाइकांना सांगत आला आहे. त्याला काय ठाऊक, आपल्या हातमागावर साडीचा चेहरा खाली आणि पाठ वर असते, आणि माझ्या आईचा हात जन्मभर नक्षी उलटीच काढत आला. मीही त्याच्याबरोबर हसले. ती माझी आई होती हे मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. माझी लॅब त्या गल्लीपासून वीस मिनिटांवर होती. तू तिथं आली नाहीस, मला बोलली नाहीस, एसटीनं परत गेलीस. लेकीला आणखी त्रास कशाला, असंच तुला वाटलं असणार. त्याचाच मला जास्त राग येतो.

आता सहाव्यांदा डिस्क चालू केली आहे. किनारींची नावं भराभर पडद्यावरून उतरताहेत, कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे. थांबली. नाही, कण्हून थांबली नाही, संपलं म्हणून थांबली. सगळ्या आल्या आई. एवढंसं काम, सगळं मिळून दीड तासाचंही नव्हतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तू फोन केलास तेव्हा तसली चार कार्डं लॅबच्या कपाटात पडून होती. मला त्या रविवारी उमरेडला यायचा कंटाळा आला होता.