सरळ पायांची भुताळीण

हरसूल, २००४

दत्तूदादा,

नमस्कार लिहीत नाय, हात वळत नाय.

भुताच्या पिक्चरसाठी मी घोटीपासून नाशिकपर्यंत पैसे मागत फिरलो. घोटीत एका राइसमिलवाल्यानं पोटभर जेवू घातलं, भात लय झकास होता, पण पैसे नाय दिले. ते तू दिलेस. वर अट घातलीस, "आपल्या पाड्यावरची भुताळीण दाखव, उलट्या पायांची. पब्लिक घाबरलं पाहिजे."

भुताळीण! आपल्या सख्ख्या फुलाआत्याला हेच नाव ठेवून तू मारत-मारत पाड्याबाहेर काढलंस आणि तिचं शेत नांगरलंस. मी लहान होतो, पण बघत होतो.

तुझे पैसे तुझ्या तोंडावर फेकणार होतो. आत्याच म्हणाली, "येडा हाय का, मंगळू? घे. भुताळीण मीच करते. पाय सरळच राहू दे माझे. दत्तूसारखा दिसणारा एक बाप्या तेवढा शोध."

शूटिंग संपलं. एवढं लिहिलं, पण पत्र टाकणार नाय. आधी कळलं तर तू येणारच नाहीस. बाजाराच्या दिवशी, अंधार पडला की हरसूलला पडदा लावतोय. पुढची खुर्ची तुझी.

शेजारी आत्या बसेल.

तुझा कोणीही नसलेला,
मंगळू