बाण पळतो म्हणून मी पळणार नाही

वन्संना, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवलंय, पण तुमचं ऐकणार नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा नको.

तुमची कंबर कशी आहे? शेक घेता ना? आईंचा खोकला कमी झाला का, का अजून सगळ्या आळीला उठवतात? इकडे मी बरी आहे, ठकी बरी आहे, तिला खालचे दोन दात आलेत आणि ते दोन्ही ती माझ्याच खांद्यावर परजते. तुमचे भाऊ ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेत. फोनवर सगळं ऐकून घेतात आणि शेवटी 'तू बघ' म्हणतात. मी बघतेच आहे. फोन मी तुम्हालाही केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की आई तो स्पीकरवर ठेवतात आणि सगळं घर कान देऊन बसतं. मागच्या वेळी मी माझ्या पोटदुखीचं सांगत होते तर मधेच दूधवाला 'ओवा घ्या' म्हणाला. म्हणून पत्र. अक्षर लागत नसेल तर सोडून पुढे वाचा, सातवीत शाळा सुटली त्याला मी काय करू.

तुमचं पत्र मिळालं. माझ्या कॉम्प्युटरवरचा बाण सरळ चालत नाही हे तुमच्या भावाने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही लिहिलंत की नाचता येईना अंगण वाकडं, यंत्र तुझ्या हाताचं नाही, नोकरी सोड, आणि तोवर ठकीला आमच्याकडे पाठव, इथे चार माणसं आहेत. वन्सं, ती चार माणसं मी पाहिलीत. एक खोकतं, एक झोपतं, एक दुसऱ्यांना उठवतं, आणि काम सगळं चौथं करतं, ते म्हणजे तुम्ही. तुमच्या जिवावर सगळे माझी पोर मागतात. (रागावू नका. रागावलात तरी पूर्ण वाचा.) आणि 'तोवर' म्हणजे कधीपर्यंत ते तुम्ही लिहिलं नाही. गेलेली पोर 'तोवर' परत येत नाही, तिकडेच शाळेत जाते आणि मला मामी म्हणायला लागते.

आता बाणाचं ऐका. नीट पहिल्यापासून सांगते.

आमचं दुकान फरश्यांचं, नळांचं आणि संडासाच्या भांड्यांचं. पुढे माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, मागे लांबलचक दालन, आणि दालनाच्या अगदी टोकाला एक पांढराशुभ्र अंघोळीचा टब मांडलेला. तो इतका महाग आहे की गिऱ्हाईक किंमत वाचतं आणि आवाज खाली करून बोलायला लागतं. घेत कुणीच नाही. मी बिलं करते. माउस हलवला की पडद्यावर बाण हलतो, बाण मालाच्या नावावर नेऊन टिचकी मारायची, की बिलात माल चढतो. मालक दिवसभर बांधकामांवर फिरतात, संध्याकाळी येतात. माल चढवायला-उतरवायला हमालकाका आहेत. आता तुम्हाला जे माहीत नाही ते सांगते. त्या टबात गोधडी घालून मी ठकीला ठेवते. हो, रोज. शेजारची मावशी तिला सांभाळते असं जे मी सांगितलं होतं, ती मावशी म्हणजे हा टब. ठकी आता धरून उभी राहते, पण टबाची कड तिच्या नाकाला लागते, त्यामुळे बाहेर पडत नाही. कडेवर हात ठेवून हनुवटी वर करून बघत बसते, एखाद्या सरपंचासारखी. हमालकाकांना माहीत होतं. मालकांना नव्हतं. मला रात्रंदिवस एकच धास्ती, मालक अवेळी आले तर.

तर आधी बाण अडखळायला लागला. मालक म्हणाले, माउसमध्ये घाण गेली असेल, साफ कर. त्यांनी कसा ते सांगितलं नाही. आपण वस्तू साफ करतो म्हणजे काय करतो? मी कोमट पाण्यात साबण घालून तो छान धुतला. ब्रशने घासला. पोटाखालचं ते लाल दिव्याचं भोक कापसाने पुसलं. इतका स्वच्छ माउस त्या दुकानात कधी कुणी पाहिला नसेल. फक्त तो मेला. मालकांनी कपाळावर हात मारला, दुसरा माउस आणला, हाही बिनवायरचाच, आणि जुना फेकून दे म्हणाले. मी कधी काही फेकलंय? खिडकीत वाळत ठेवला आणि मग ठकीला खेळायला दिला. तिला तो बाहुलीपेक्षा आवडला. त्याला चावायची, गोधडीवर पुढे-मागे ओढायची, छातीशी धरून झोपायची.

नवा माउस थोडे दिवस शहाण्यासारखा वागला. मग एकदम पिसाळला. मी बाण उजवीकडे नेते तर तो डावीकडे. मी थांबते तर तो धावतो. मी टिचकी मारायच्या बेतात, तर हा पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन गोल गोल फिरतो. दातांच्या डॉक्टरांना हात धुवायचं एक लहान भांडं हवं होतं. बाण घसरला, कुठे काय चढलं मला कळलं नाही, आणि हमालकाकांचा नियम असा की कागदावर असेल ते टेम्पोत भरायचं, कुणाला कशाला असं विचारायचं नाही. त्यांनी बारा कमोड नेऊन दवाखान्याच्या ओसरीवर ओळीने मांडले. पेशंट गालाला हात लावून यायचे, बघायचे आणि परत फिरायचे. एक म्हातारे गृहस्थ मात्र शांतपणे त्यातल्याच एकावर नंबर येईपर्यंत बसून राहिले. डॉक्टरांनी मालकांना फोनवर जे सांगितलं ते मी पत्रात लिहिणार नाही.

मग सगळ्यांचे सल्ले सुरू. तुमचे भाऊ म्हणाले, हळू चालव. समोरचा रंगवाला म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. बॅटरी बदला. बदलली. हमालकाका म्हणाले, त्याला खाली बैठक नीट लागते. म्हणून मी दुकानातली एकेक फरशी माउसखाली घालून पाहिली, चकचकीत, खरखरीत, ठिपक्यांची, वेलबुट्टीची. एका गिऱ्हाइकाला वाटलं मी माल दाखवतेय, त्याने त्यातली करडी पसंत करून नेली. (हे एक बिल मी हाताने लिहिलं आणि ते अगदी बरोबर होतं.)

आणि वन्सं, खरं सांगू? मला वाटायला लागलं की माझाच हात कापतो. लग्न झाल्यावर तुमच्याकडची ती निळी कपबशी माझ्या हातून फुटली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हिच्या हाताला थाराच नाही. ते माझ्या डोक्यात बसलेलं. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून काम करायला लागले. भांडी घासतानासुद्धा मनगट बघायचे. पोरीला उचलताना वाटायचं, ही पण सुटली हातातून तर? असं वाटणं किती वाईट असतं ते तुम्हाला कसं सांगू.

शेवटी मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि स्वतःही भरदुपारी येऊन उभे राहिले. ठकी टबात झोपलेली. दुरुस्तीवाला बसला, बाण नेला, आणला, सगळं गुळगुळीत. बाण मेला असा गरीब की जणू जन्मात कधी पळाला नाही. त्याने च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाला, "मशीन ओके आहे. मॅडमना सवय नाहीये." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं. म्हणाले, "सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघतो. तू घरी राहा, पोर लहान आहे तुझी." माझ्या पोरीचं निमित्त करून मलाच काढतात! सगळ्यांना माझ्या पोरीचीच काळजी, फक्त तिला माझ्याजवळ ठेवायचं कुणाच्या मनात नाही.

आणि तेवढ्यात बाण उडाला.

दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली उडाला. त्याने परत आणला, हा परत पळाला. मग काय केलं त्याने सांगू? डाव्या हाताने उजवं मनगट धरलं! मला इतकं बरं वाटलं की आत्ताच त्याला चहा पाजावा. त्याने माउस उलटा केला, बॅटरी काढली, टेबलावर ठेवून दिला, हात वर केले. बाण फिरतोच आहे. कुणाचाही हात नाही आणि बाण आपला झुलतोय, थांबतोय, टुकटुक उड्या मारतोय. दुरुस्तीवाला घाबरून म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कुणीतरी शिरलंय. मालकांना लगेच कळलं कोण ते. पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा फरशीवाला! दोघांचं जुनं वाकडं आहे. मालक पडद्यापुढे गेले आणि बोट नाचवत ओरडले, "लपून काय खेळतोस? हिंमत असेल तर समोर ये!"

मागून आवाज आला, "भॉ!"

तिकडे टुक टुक टुक आपटल्याचा आवाज, इकडे बाणाची टुक टुक टुक उडी. मला सगळं एकदम समजलं. वाळून वाळून तो मेलेला माउस जिवंत झाला होता, कॉम्प्युटरच्या मागे त्याचं ते बिनवायरचा निरोप घेणारं नखाएवढं बटण अजून तसंच खोचलेलं होतं, आणि इतके दिवस माझ्या पोरीने टबात बसून दुकान चालवलं होतं.

मालक मागे निघाले. मी त्यांच्या पुढे धावले आणि टबाला पाठ लावून उभी राहिले. "कुणाचं पोर आहे हे?" त्यांनी विचारलं. हमालकाका मधे आले आणि म्हणाले, "माझी नात आहे." काकांचं लग्नच झालेलं नाही. तरी मालकांनी कदाचित मानलं असतं, माणूस जुना आहे. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, मागचं ते बटण मी गुपचूप उपटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मी म्हणाले, "माझी आहे." पुढे मीच म्हणाले, "चोरून ठेवली, पण चोरून आणलेली नाही. आणि बघा, तुमचा बाण माझ्या हाताने पळत नव्हता." ठकीने माउसचा लाल दिवा हनुवटीखाली धरला होता आणि मालकांकडे बघून हसत होती.

मालकांनी टबात वाकून पाहिलं आणि विचारलं, ही यात मुतते का? मी म्हटलं, लंगोट असतो, तरी रोज दोनदा घासते. ते म्हणाले, तरीच हा एवढा चमकतो. मग दुरुस्तीवाल्याला म्हणाले, तुमचे पैसे किती झाले? तो म्हणाला, काही नाही, राहू द्या, आणि निघून गेला. मालक मला म्हणाले, बिलं तूच करायचीस.

तेव्हा कळलं ना? नोकरी आहे, हात ठीक आहे, पोर माझ्याजवळ आहे. अंगण वाकडं नव्हतं आणि नाचणारीही वाकडी नव्हती. मी येणार नाही, ठकीला पाठवणार नाही, मी कुणाला घाबरत नाही. आईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दूधवाल्याला ओव्याबद्दल धन्यवाद, गुण आला.

तुमची,
भावजय

ता.क. आईंना टबाचं सांगू नका. मावशीच राहू द्या.

ता.क. २. मालकांचं एक वाक्य वर लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, मीच खाल्लं. ते म्हणाले, एखादी फरशी पोरीच्या अंगावर पडली तर मी जन्मभर तोंड कुणाला दाखवू? मागची खोली रिकामी करून देतो, पण तिला सांभाळणारं घरचं माणूस आण. नाहीतर नोकरी विसर. यावर मला भांडता आलं नाही, कारण ते खरंच बोलत होते. ती धास्ती मलाही रोज असायची, फक्त मी टबाच्या कडेला फरश्या ठेवू नका एवढंच काकांना सांगून गप्प बसायचे.

ता.क. ३. वन्सं, तुम्ही या. कंबरेला इथे जिने नाहीत, सगळं तळमजल्यावर आहे. तिकडे तुम्हाला चहात साखर किती हेसुद्धा आई ठरवतात, इथे तुमची तुम्ही घाला. चार माणसं आहेत म्हणालात, त्यातलं काम करणारं एकच मला हवंय, बाकीची तिकडे राहू द्या. वर मी जे जे बोलले त्यातलं काही मागे घेत नाही, कपबशीचंसुद्धा नाही. आणि घाबरत नाही म्हणाले ते खोटं आहे. खूप घाबरले आहे. तरी तुम्ही नाही म्हणालात तर पोर तिकडे येणार नाही, मी दुसरं काहीतरी बघीन, काय ते अजून माहीत नाही. म्हणून येत असाल तर कुणाला विचारत बसू नका. पिशवी भरा आणि निघा. स्टँडवर मी उभी असेन, कडेवर ठकी असेल. तिला तुम्ही ओळखणार नाही, मला ओळखाल.