नळीत रेघा नव्हत्या

गारखेडा,
३ जानेवारी २०२६

चि. भारतास जयभीम.

तुझ्या मेघाच्या बाळाला दात आले असतील. इथं माझे पडताहेत.

९ फेब्रुवारी २०१८, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. औरंगपुऱ्यातल्या सभेत आमदार मल्हारराव मानेत गोळी लागून कोसळले. टपऱ्यांवर अजून तर्क चालू आहेत. मेंढपाळ कडुबानं गायरानापायी मारलं, विरोधकांनी सुपारी दिली, अंगरक्षकाचीच गोळी लागली. मला तर्क नकोत. मी प्रयोगशाळेत तीस वर्षं गोळ्याच तपासल्या.

मानेतून काढलेल्या गोळीवर उजवीकडे वळणाऱ्या सहा रेघा होत्या. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाची नळी त्या उमटवते. कडुबाच्या मेंढवाड्यात सापडला म्हणून तू दाखवलेला कट्टा गावठी, नळी ट्रकच्या स्टिअरिंग रॉडची, आतून गुळगुळीत. रेघा येणार कुठून? अंगरक्षकाचं पिस्तूल मी लेखी मागितलं. तपास अधिकारी तू. ते आलं नाही.

काल कडुबाची बायको गोजरबाई आली होती. जन्मठेप भोगताना जेलमध्ये त्याला खोकल्यातून रक्त पडतंय.

"बाई, नळीत रेघा नव्हत्या हे तुमाला तवाच दिसलं व्हतं ना?"

"हो."

"मंग लिवलं का नाय?"

चहाला तिनं हातही लावला नाही.

पिस्तुलाऐवजी तू आला होतास, आठवतं? भजी मागून खाल्लीस. "ताई, नुसतं 'शक्य आहे' लिही. नाहीतर माझी वर्दी जाईल." मी लिहिलं, 'गोळी या कट्ट्यातून सुटलेली असणं शक्य आहे.' शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, अर्धं खरं म्हणजे इस्त्री केलेलं खोटं. मी कडक इस्त्री केली. तपास अधिकारी साळवे आणि तज्ज्ञ खरात एकाच आईची लेकरं, हे कोर्टात कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझं सासरचं आडनाव तुझ्या कामी आलं.

गोळी आता मुद्देमालात सापडत नाही. वकील म्हणतात, स्वतःच्याच अहवालाविरुद्ध एकट्या म्हातारीच्या शब्दानं काही होणार नाही. खटला पुन्हा उभा राहीपर्यंत कडुबा टिकेल असंही वाटत नाही.

तरी ते पिस्तूल कुणाच्या सांगण्यावरून अडवलंस, ते सही करून लिही. सोमवार, १९ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पाहिजे. फोन करू नकोस, तोंडी तू मला नेहमीच गुंडाळलंस. वीस तारखेला मी शपथपत्र देणार, तुझं उत्तर येवो न येवो. खाली सही अशी असेल:

सत्यशीला खरात,
माहेरची साळवे,
तपास अधिकारी भारत साळवे यांची सख्खी बहीण