शेवटच्या घराचं रीडिंग

३ मार्च
आज बत्तीस घरं! पाय मोडून आले. पंधरा तारखेला केबलचा जुना ॲनालॉग सिग्नल बंद होऊन डिजिटल येणार — त्याआधी प्रत्येक घरातल्या वायरीला मीटर लावून सिग्नलचा आकडा लिहायचा, हे काम माझं. सोबतचे लाइनमनकाका चिडवतात, "चित्र दिसतंय ना, इंजिनीअरीणबाई? मग चला!" असं कसं? ॲनालॉग अशक्त झाला तरी मुंग्यांमधून माणसं दिसतात. डिजिटल मात्र आकडा पंचेचाळीसच्या वर असेल तर लखलखीत. खाली घसरला की सगळंच काळं.

९ मार्च
लाइनीच्या टोकाचं घर. एकटे आजोबा, छापखान्यातून निवृत्त. मीटरची बॅटरी ऐन वेळी संपली. काका म्हणाले, "लिही शेजारच्या घराचाच आकडा." टीव्हीवर मुंग्या होत्या, पण चेहरे ओळखू येत होते. "फारच झालं तर गच्चीच्या कठड्यावर चढून वायरीचा जोड हलवतो," आजोबा हसले. "लगेच सुधारतं."
मी बासष्ट लिहिलं. उद्या येऊन मोजेन.

१२ मार्च
अजून गेले नाही. रोज ठरवते.

१५ मार्च
दहा वाजता ॲनालॉग बंद. फोनवर फोन! आजोबांचाही आला — "पोरी, नव्या डिजिटल बॉक्सचा दिवा लागतोय, पडदा काळाच." म्हटलं, संध्याकाळी माणूस पाठवते. जोड हलवून आता काही होणार नाही, हे सांगायचं राहिलं.

दुपारी ते कठड्यावरून पडले. गेले.

१८ मार्च
बाहेरच्या तपासनीसाने त्यांच्या वायरीला मीटर लावलं. अडतीस! माझ्या कागदावर बासष्ट.
साहेब म्हणाले, "मोजलं तेव्हा बरोबर होतं, वायर नंतर बिघडली — एवढंच सांग. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"
घरात पहिली शिकलेली मी. बाबा येईल त्याला सांगतात, "आमची पोरगी सिग्नल तपासते." नोकरी गेली तर धाकटीचं कॉलेजही गेलं.

२० मार्च
ठरलं. उद्या चौकशीत खरं सांगणार — मोजलंच नव्हतं.

२१ मार्च
माझ्या आधी लाइनमनकाकांना आत बोलावलं. बाहेर आले ते खाली मान घालून. "रीडिंग मीच दिलं, असं सांगितलंय. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले. तू आता काही बोलू नकोस, पोरी."
मग माझं नाव पुकारलं. आत गेले.
काही बोलले नाही.