भिंतीतली सात मडकी

मी, वय बहात्तर, धंदा मधमाश्या पाळणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पाय थकले, डोके नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. "पुढच्या बहराचं पुढे बघू," असे म्हणताना मात्र त्या खिडकीबाहेर बघत होत्या. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर आणि बँकेत उरेल ते माझ्या मुलीला. घराचा हा अर्धा भाग वडिलांनी मला दिला, दुसऱ्या अर्ध्यात माझा धाकटा भाऊ राहतो. मुलीने घर खुशाल विकावे, पण मागच्या खोलीची भिंत पाडू नये. त्या भिंतीत वडिलांनी मधमाश्यांसाठी सात मडकी बसवली आहेत. माश्यांची ये-जा भावाच्या अंगणातून, मध काढायची झाकणे माझ्या खोलीत. वडील म्हणायचे, "आता भांडून दाखवा." आम्ही दाखवले.

२. मडक्यांतल्या माश्या, त्यांना धूर द्यायचे धुराडे, जाळीची टोपी आणि वाकडी सुरी शिंपीणबाईला. मी शिकवलेल्या एकवीस जणींत तिचा हात सर्वांत सावकाश चालतो, म्हणून तिलाच. पहिल्या दिवशी नाकावर डंख बसला तर माशीलाच म्हणाली, "अगं, मेलीस ना उगाच!" आज एकवीस घरांची चूल मधावर पेटते. नियम एकच: अर्धे पोळे आपले, अर्धे त्यांचे. हा नियम वडिलांनी शिकवला असे मी सांगत आले. त्यांनी शिकवलाही होता, पण मी शिकले नव्हते.

३. भावाबद्दल. एकोणीस वर्षांपूर्वी सातही मडक्यांतल्या माश्या मेल्या. भावाने बागेत औषध फवारले म्हणून मेल्या, असे मी चारचौघांत सांगितले. ते खोटे आहे. सरकारी योजनेचे साहेब पाहणीला येणार होते. भरलेल्या बाटल्या दिसल्या तर बायकांना मधाचे काम मिळेल, म्हणून आदल्या दिवशी मी सातही मडकी खरवडून काढली. साहेब खूश झाले. मग तीन आठवडे पाऊस हटला नाही. माश्यांना बाहेर पडता येईना आणि आत मी काही ठेवले नव्हते. झाकणे उघडली तेव्हा त्या उरल्यासुरल्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेल्या होत्या.

मी खूप रडले. आणि बायका विचारायला आल्या तेव्हा भावाचे नाव घेतले. माझे घेतले असते तर माझ्याकडे शिकायला कोण आले असते? चोर सोडून संन्याशाला फाशी. लोक त्याला "विषवाला" म्हणू लागले. दोन वर्षे ऐकून घेतले, मग त्याने स्वतःच्या हाताने बागेतली बावन्न झाडे तोडली. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. खाई त्याला खवखवे, मीही बोलले नाही.

पुढे मी रानातून नवी मोहोळे आणून मडक्यांत बसवली. त्यांची भोके त्याच्याच अंगणात. चिखलाचा एकेक गोळा पुरला असता. त्याने एकही भोक बुजवले नाही.

४. भावाला मी काहीही देत नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही. त्यानंतर कलम तीन एकवीस जणींपुढे मोठ्याने वाचावे. मी गेल्यावर नव्हे, माझ्यादेखत.

५. शिंपीणबाईने तीनदा निरोप दिला. बाराव्या दिवशी तो आला. उभ्यानेच वाचले.

"ताई, मला माहीत होतं," तो म्हणाला. "खरवडलेली पोळी तू माझ्याच कुंपणाशी टाकलीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. कुऱ्हाड घेऊन निघालो, त्या दिवशीसुद्धा आधी तुझ्या दाराशी उभा राहिलो होतो."

मी दाराची कडी आतून लावून बसले होते. तेही इथे लिहून ठेवते.

ठिकाण: मागची खोली. दिनांक: १५ मार्च.
सही: माझी, दोघांच्या समोर.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई.
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, राहणार भिंतीपलीकडे. धंद्यापुढे त्याने "बागवाला" असे लिहिले, आणि मग स्वतःच खोडले.